चौधारीचा वेल नुसताच माजतोय, शेंग कुठाय?

ऑगस्ट आला की ओळखीपाळखीतून एकच विचारणं सुरू होतं, वहिनी, चौधारीचा वेल पार गच्चीच्या कठड्यावर गेला, पानं तळहाताएवढी झाली, पण फुलाचा पत्ता नाही, आता काय टाकू? माझं उत्तर दरवर्षी ठरलेलं, काही टाकू नका, गप बसा. हे कुणालाच पटत नाही, कारण आपल्या सांगली भागात काहीतरी टाकल्याशिवाय माणसाला चैनच पडत नाही, द्राक्षाला टाकतो, उसाला टाकतो, मग परसातल्या वेलाला का नको? कुणीतरी युरिया सांगतं, कुणी टॉनिक फवारायला सांगतं, आणि वेल अजूनच माजतो. म्हणून म्हटलं एकदा बी पेरण्यापासून ते शेंग ताटात येईपर्यंत सगळं नीट लिहूनच काढावं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, चौधारी म्हणजे वीतभर लांबीची हिरवी शेंग, उभ्या चार कडा आणि प्रत्येक कडेला झालर. आडवी कापली की चांदणीसारखे तुकडे पडतात, पोरं तेवढ्यासाठी तरी खातात. पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया, म्यानमार, थायलंड इकडं ही रोजच्या खाण्यातली, आपल्याकडं मणिपूर-त्रिपुराला भरपूर खातात. सांगलीच्या बाजारात मात्र विकायला फार क्वचित दिसते, खायची तर घरीच लावायला लागते. शेंग तर खातातच, शिवाय कोवळी पानं, फुलं, वाळलेलं बी आणि मुळाला येणारे कंद, सगळंच खाण्यातलं. १९७५ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसनं हिच्यावर अख्खा अहवाल काढला होता, कारण वाळल्या बियांत प्रथिनं ३० टक्क्यांच्या वर आणि तेल १५ ते २० टक्के, म्हणजे जवळजवळ आपल्या सोयाबीनच्या तोडीचं. मग सोयाबीनसारखी शिवारभर का नाही पसरली? तर हिला मांडव लागतो, आणि शेंगा एकदम पिकत नाहीत, आज चार उद्या सहा असं तोडत बसावं लागतं, मशीन घालून काढायचं पीकच नाही हे. शेतकऱ्याला ते परवडत नाही, पण परसबागेला याच्यासारखं दुसरं काही नाही, रोज थोडं थोडं मिळतं.

आता फुलाचं. हा वेल दिवस किती मोठा आहे ते बघून फुलतो. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की मगच कळ्या धरतो, शेवंतीसारखंच. पॉलिहाऊसमध्ये शेवंती करणारे लोक रात्री बल्ब का लावतात, तर दिवस मोठा आहे असं झाडाला वाटावं आणि फूल उशिरा यावं म्हणून, तोच हिशोब इथं. आपल्याकडं जूनच्या शेवटी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साधारण १३ तासांचा दिवस असतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १२ तासांवर येतो आणि डिसेंबरात ११ तासांच्या आसपास. म्हणजे गणपती बसले तरी वेल नुसता पानातच असणार, घटस्थापना-दसऱ्याच्या आसपास कळ्या दिसायला लागणार आणि दिवाळीला खऱ्या अर्थानं शेंगा सुरू होणार. जून-जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही वेलापुढं आरती ओवाळली तरी फूल येणार नाही. दिवस मोठा असताना पण फुलणाऱ्या लवकरच्या जाती आहेत, काही बियाणेवाले विकतातही, पण पाहुण्यारावळ्यांकडून आलेलं, हातोहात फिरलेलं बी बहुतेक उशिरा फुलणारंच असतं.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक म्हणजे वेल कधी लावला यावर त्याचा आकार ठरतो, फुलायची वेळ फारशी हलत नाही. रोहिणी-मृगात, म्हणजे मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लावला तर फुलायच्या आधी त्याला चांगले तीन-साडेतीन महिने मिळतात, वेल दहा-बारा फूट जातो, शेंगाही ढीगभर. तेच जुलै मध्यात लावला तर वेल आटोपशीर राहतो आणि फुलतो साधारण त्याच सुमाराला. म्हणून ज्यांच्याकडं मोकळी जागा आणि मांडव आहे त्यांनी मृग साधावा, आणि ज्यांची बाल्कनी किंवा गच्चीवरची बादली आहे त्यांनी मुद्दाम उशीर करावा, शेंगा कमी मिळतील पण शेजारच्या फ्लॅटच्या खिडकीत वेल शिरला म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणी तरी खावी लागणार नाहीत. दुसरी गोष्ट, रात्रभर जळणाऱ्या लाईटखाली हा वेल लावू नका. गेटवरचा हॅलोजन, रस्त्याच्या खांबावरचा एलईडी थेट वेलावर पडत असेल तर रात्र मोठी झालीये हे त्याला कळणारच कसं? कळ्या उशिरा येऊ शकतात. जागा निवडताना एकदा रात्री बाहेर येऊन बघा, उजेड कुठं पडतो ते. दिवसा मात्र त्याला भरपूर ऊन पाहिजे, किमान सहा तास तरी, सावलीत नुसती लांबडी काडी होते.

बी. चौधारीचं बी गोल गुळगुळीत आणि साल भयंकर टणक. तसंच मातीत टोचलं तर काही आठवड्यानं उगवतं, काही महिन्यानं, काही कुजूनच जातं, आणि मग लोक म्हणतात बी खराब होतं. बऱ्याचदा बी चांगलंच असतं, त्याच्या आत पाणीच गेलेलं नसतं. नेलकटर घ्या आणि बियाच्या डोळ्याच्या बरोबर उलट्या बाजूला सालीचा बारीकसा टवका काढा, आतलं पांढरट दिसलं की बस, खोल जाऊ नका. नेलकटर जमत नसेल तर पॉलिश पेपरवर ती बाजू घासा. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी वाटीत बघितलं की लगेच फरक कळतो, पाणी प्यायलेलं बी फुगून जवळपास दुप्पट होतं आणि तेज जाऊन मऊ दिसतं, न प्यायलेलं तसंच मण्यासारखं चकचकीत तळाला बसलेलं असतं. फुगलेली पेरायची, चकचकीत उरलेली परत घासून परत भिजत घालायची. दोन-दोन दिवस भिजवत ठेवू नका, कुजतात.

पेरताना बोटाचं एक-दीड पेर खोल, त्याच्या खाली नको. माती गरम पाहिजे, म्हणून वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की वेळ उत्तम. आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब वर येतो आणि इथं एक गंमत, आपल्या नेहमीच्या घेवड्याच्या दोन डाळी कशा वर उचलून येतात, तशा हिच्या येत नाहीत, त्या जमिनीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. त्यामुळं डाळी दिसल्या नाहीत म्हणून उकरून बघायची गरज नाही. एका जागी दोन बिया टोचा, पुढं जोमदार ठेवून दुसरं रोप कात्रीनं बुडातून कापा, उपटू नका, मुळं एकमेकांत असतात. दोन वेलांत दीड-दोन फूट अंतर पुरतं.

पहिला महिनाभर रोप नुसतं बसून राहतं, वीतभर होतं आणि थांबतं. मुळं खाली चालू असतात, वर काही दिसत नाही. याच काळात खरा शत्रू म्हणजे गोगलगायी. गेल्या काही पावसाळ्यांत आपल्याकडं सोयाबीनवर त्या कशा पडतात ते माहितीच आहे, परसातही त्याच. रात्रीत कोवळा शेंडा खाऊन जातात आणि सकाळी नुसता चिकट चंदेरी पट्टा दिसतो. संध्याकाळी रोपाजवळ ओलं गोणपाट अंथरून ठेवायचं, सकाळी उजाडताना उलटायचं, खाली सगळ्या जमलेल्या सापडतात, गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत. हातमोजे घाला. मीठ रोपाजवळ मातीत मात्र टाकायचं नाही, आधीच आपल्या जमिनीत काय कमी मीठ आहे?

मातीचं जरा सविस्तर, कारण साताऱ्यात एकच सल्ला चालत नाही आणि सांगलीतही नाही. पाटण, जावळीकडं पाऊस एवढा की मुळाशी पाणी तुंबणार, तिथं वीतभर उंच गादीवाफा करूनच लावा. माण-खटाव, जत, आटपाडीकडं उलट, तिथं आळं खोल करा आणि पाचट अंथरा. कृष्णाकाठची काळी जमीन, वाळवा-मिरज बाजूची, हिच्यात दोन भानगडी, पाणी साचतं आणि बरीच जमीन क्षारपड झालीये. चौधारीला दोन्ही चालत नाही, बुडात पाणी थांबलं की पानं पिवळी पडून वेल बसतो, आणि खारं पाणी, मचूळ बोअरचं पाणी तर अजिबात नको. अशा ठिकाणी सरळ हात-दीड हात रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढायचा, निम्मी तांबडी माती, बाकीत शेणखत आणि जी निघालेली काळी आहे ती थोडी, आणि वर उंचवटा करायचा. आमच्या आत्याबाई प्रत्येक वेलाच्या बुडात चुलीतली राख टाकतात, तांबड्या जमिनीत ते ठीक आहे, पण चोपण-चुनखडीच्या जमिनीत राख नको, ती चोपणपणा अजून वाढवते.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसलं तर ऊसवाल्यांना सांगायला नको, तो केवडाच. उसावर जसा पडतो तसाच इथं, चुनखडीमुळं जमिनीतलं लोह मुळाला उचलता येत नाही. युरियानं हे जात नाही. हिराकस (फेरस सल्फेट) एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा, गाळून घ्या आणि ऊन खाली झाल्यावर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. नवीन येणारी पानं हिरवी यायला लागतात, जुनी तशीच राहिली तरी चालतंय. आणि खालची म्हातारी पानं पिवळी पडत असतील तर तो केवडा नाही, आधी बुडात पाणी साचलंय का बघा.

युरिया का नको म्हणते, तर चौधारी हवेतला नत्र स्वतः धरते आणि डाळवर्गातसुद्धा हिच्या मुळावरच्या गाठी चांगल्या जाड असतात. ज्या जागेत आधी चवळी किंवा भुईमूग झालाय तिथं गाठी आपोआप येतात, कारण चवळीवर चालणारे जिवाणूच हिलाही चालतात. नवीन माती असेल, कुंडी असेल तर चवळीच्या बुडातली ओंजळभर माती आणून मिसळा, किंवा रायझोबियमचं, म्हणजे याच गाठी करणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट मिळालं तर बियाला चोळा. बघायचं असेल तर एखादं जादाचं रोप उपटून गाठ नखानं फोडा, आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. गाठी काम करत असताना वरून युरिया दिला की त्या सुस्तावतात आणि वेल फुकटचा नत्र पिऊन पानं काढत बसतो. लावताना दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि मूठभर सुपर फॉस्फेट, आणि पुढं सप्टेंबरात एकदा गांडूळखताचा हात द्या, एवढं पुरे.

मांडव वेल चढायच्या आधी उभा पाहिजे. वेल फूटभर झाल्यावर काठ्या रोवायला गेलात की मुळं तुटतात. आपल्या भागाला मांडवाचं काय शिकवायचं, तासगाव-मिरजेकडं तर द्राक्षाचे जुने अँगल आणि तार कुणाच्या ना कुणाच्या बांधावर पडलेलीच असते, टोमॅटोची तारकाठी असते, वाकुर्डे-शिराळ्याकडं बांबू. सहा-सात फुटांच्या वर उंची नेऊ नका, नाहीतर शेंगा तोडायला शिडी लागते. उभ्या सुतळ्या सोडा, ठिबकची जुनी लॅटरल (बारीक नळी) सोडली तरी वेल धरतो. नुसती एक काठी रोवून भागत नाही, पानांचा भार मोठा असतो आणि परतीच्या पावसात वारं आलं की सगळं झोपतं, खांब पक्का पाहिजे. गुळगुळीत पाईपवर वेल घसरतो, त्यावर सुंभ गुंडाळा. वेल कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं याच बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. ते खुडलेले शेंडे टाकून देऊ नका, तीन पानांसकट लसूण-मिरचीच्या फोडणीत मुगाची डाळ घालून परता, पालेभाजी तयार.

बादलीत लावायचं तर रंगाची २० लिटरची बादली, तळाला आणि बाजूनं भोकं, त्याहून लहान नको. माती, शेणखत, कोकोपीट सारखं सारखं. बादलीतल्या वेलाला ऑक्टोबरच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागू शकतं, आणि कळ्या आल्यावर एक दिवस जरी पाणी चुकलं तरी कळ्या खाली पडलेल्या दिसतात. ऑक्टोबर हीटमध्ये भर दुपारी ऊन कडक असलं की जमिनीतल्या वेलाच्याही काही कळ्या गळतात, ते होणारच, बुडात पाचटाचा जाड थर आणि सकाळी भरपूर पाणी एवढंच आपल्या हातात.

फुलं फिकट निळी, कधी पांढरी, सकाळी उमलतात. परागीकरण बहुतेक आपलं आपण होतं, हातानं काही करायला लागत नाही. फूल पडल्यावर शेंग झपाट्यानं वाढते आणि साधारण दोन आठवड्यांत तोडायला येते. इथं लोभ करायचा नाही, अजून थोडी मोठी होऊ दे म्हणून सोडली की आतून दोरा धरते आणि मग कितीही शिजवा, चोथाच. पारख सोपी आहे, टोकाकडून वाकवून बघायची, कट्कन मोडली तर कोवळी, वाकली आणि मोडली नाही तर गेली हातची. दर दोन दिवसांनी तोडत राहिलं की वेल नवीन फुलं काढत राहतो, झाडावर शेंगा पिकू दिल्या की त्याला वाटतं काम झालं. धुतल्यावर झालरीच्या खाचेत मावा लपलेला असतो, तिथं बोट फिरवा.

कीड म्हणाल तर मावा, शेंग पोखरणारी अळी आणि हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. मावा शेंड्यावर दिसला की पाण्याचा जोरात फवारा, नाही गेला तर निंबोळी अर्क, ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून थोडा साबण. अळी लागलेली फुलं-शेंगा तोडून लांब नेऊन टाका. एक गोष्ट मात्र बघत चला, मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या, गाठी येतात आणि लोक त्यालाच नत्राच्या गाठी समजून खूश होतात. नत्राची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, नखानं सुटी होते, सूत्रकृमीत मूळच जागोजागी सुजलेलं असतं, सुटं होत नाही. तसं दिसलं तर पुढच्या वर्षी ती जागा सोडा, तिथं झेंडू लावा, भेंडी-टोमॅटो-वांगं नको.

भाजी आमच्याकडं दोन प्रकारची होते. एक, पातळ काप करून तेलात मोहरी, कांदा, मग शेंगा, कांदा-लसूण मसाला आणि उतरताना दाण्याचं कूट, झाकण ठेवायचं नाही, पाच-सात मिनिटांत होते, जास्त शिजवली की झालर गळून जाते आणि कुरकुरीतपणा जातो. दुसरी पीठ पेरून, गवारीसारखी. अगदी कोवळी असेल तर कच्चीच कोशिंबिरीत दह्यात. वाळलेलं बी मात्र कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं नाही, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, रात्रभर भिजवून ते पाणी ओतून, नव्या पाण्यात कुकरला चांगलं मऊ शिजवायचं.

बियाण्यासाठी सुरुवातीच्या चांगल्या, लांब, बिनअळीच्या शेंगांपैकी चार-पाच वेलावरच सोडा, त्यांना एखादी चिंधी बांधून ठेवा नाहीतर घरातलं कोणीतरी तोडून भाजीत घालतं. शेंग तपकिरी-काळी होऊन आत बी वाजायला लागलं की काढा, सावलीत वाळवा, कडुनिंबाचा पाला घालून बरणीत.

जानेवारीत थंडी पडली की वेल मंदावतो, महाबळेश्वर-पाचगणीच्या अंगाला तर लवकरच. फेब्रुवारीत पानं गळून सुकायला लागला की उपटून फेकू नका. जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, वरचा पाला कंपोस्टमध्ये. खाली कंद असतात, पाणी फार न देता तसेच राहू दिले तर वळवाच्या पावसाला तिथूनच परत फुटतात आणि दुसऱ्या वर्षी बी घासायची कटकटही नाही. कंद खायचे असतील तर एका वेलावरची फुलं येतील तशी खुडत जा, शेंगांत जाणारं सगळं खाली उतरतं. म्यानमारमध्ये हे कंद खास पिकवून विकतात, बटाट्यापेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं असतात त्यात. पहिल्या वर्षी फार मोठे होत नाहीत. खणताना कुदळ लांबून घाला, साल काढून मीठ घालून उकडा आणि गरम असतानाच खा.